भार्गवच्या वाक्यांपुरती शांतता

मुग्धाने भार्गवचं वाक्य मोठ्याने वाचलं, आणि चामराजपेठेतल्या वासुदेवरावांच्या बैठकीत नऊ माणसांचे उप्पिटाचे चमचे जागच्या जागी थांबले.

वाक्य तसं निरुपद्रवी होतं. "कप्तान, डावीकडच्या इंजिनाचा आवाज मला आवडत नाही." पण 'रोहिणी-सात' वाचक मंडळाचा एक नियम होता. सहाव्या खंडापासून पुढे भार्गवचं वाक्य आलं की वाचणाऱ्याने थांबायचं, ते मनात वाचून होईल तेवढा वेळ गप्प बसायचं, आणि मग कप्तानबाईंचं उत्तर वाचायचं. तेवीस वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, हे असंच चाललं होतं. लांबलचक भाषण आलं तर माणसं पंख्याकडे बघत बसायची.

कारण भार्गव मेलेला होता. निदान बंगळुरात तरी.

'रोहिणी-सात' पुण्याच्या एका मासिकात बासष्ट ते एकाहत्तर अशी दरमहा येत असे. शनीपलीकडे निघालेलं यान, त्यावर कप्तान दुर्गा टिपणीस आणि तिचा उजवा हात भार्गव. पाचव्या खंडात भार्गव हुकूम मोडतो, निम्मं इंधन वाया जातं. मग एका प्रकरणात कप्तानबाई हिमचंद्रावर उतरून त्याला थर्मासमधला चहा देते; दोघं एक शब्द बोलत नाहीत. पुढच्या प्रकरणात ती त्याला तिथेच सोडून निघून जाते. आणि सहावा खंड उघडावा तर भार्गव यानावर हजर, पोहे खात.

हा गुंता वासुदेवरावांनी त्र्याहत्तर साली सोडवला. पुढचा भार्गव हा खरा नाहीच, कप्तानबाईंच्या मनातला आहे. ती त्याच्याशी बोलते आणि बाकीचे खलाशी तिला सांभाळून घेतात. लेखकाने हे चार खंडांत एकदाही सांगितलं नाही, यातच त्याची थोरवी. या सिद्धान्तावर त्यांनी 'निरोपाचा चहा' नावाचा चाळीस पानी लेख लिहिला होता. आता मंडळाच्या स्मरणिकेत तो छापून येणार होता, मुद्रितं टेबलाच्या खणात होती आणि उद्या सकाळी दहाला छापखान्यात जायची होती. वासुदेवरावांनी पस्तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. लग्नपत्रिका सोडली तर त्यांचं नाव कुठे छापून आलेलं नव्हतं.

या शोधापायी गमावलं ते एकच, शेषगिरी. मासिकाची वर्गणी दोघांनी मिळून भरलेली, मंडळ दोघांनी काढलेलं. लेख पहिल्यांदा वाचला त्या दिवशी शेषगिरी म्हणाला होता, "चहा पाजून कोणी माणसाला सोडून जात नाही, वासू. कुठेतरी चुकलंय." आणि वासुदेवराव भरल्या बैठकीत म्हणाले होते, "शेषगिरीला चहाच्या पलीकडचं साहित्य कळत नाही." माणसं हसली. शेषगिरीने कप खाली ठेवला आणि गेला. पुढे त्याने शहराबाहेर येलहंक्याला घर बांधलं. त्या काळात येलहंका म्हणजे हिमचंद्राच्या अलीकडचंच ठिकाण.

"मॅडम, इथे भार्गव वाचत नाहीत," त्रिविक्रम म्हणाला. तो मंडळाचा चिटणीस. बँकेत अधिकारी, आणि वासुदेवरावांचा शिष्य.

"का पण?" मुग्धा वर्षापूर्वी पुण्याहून आलेली, इंदिरानगरात राहणारी, सॉफ्टवेअरवाली. ही तिची दुसरीच बैठक. "मागच्या महिन्यात तुम्ही सगळे गप्प बसलात, मला वाटलं कोणी वारलंय."

"वारलाच आहे."

"भार्गव? अहो, तो तर शेवटी रिटायर होतो."

कोणीतरी खोकलं. वासुदेवरावांनी मंद हसून हात वर केला. नव्या माणसांना हे समजावून द्यायला त्यांना आवडायचं. त्यांनी समजावलं. मुग्धाने सगळं ऐकून घेतलं, आणि ते संपताना तिच्या चेहऱ्यावर जे उजाडायला हवं होतं ते उजाडलं नाही.

"काका, सातव्या खंडात इंजिन कोण दुरुस्त करतं?"

"कप्तानबाई. त्याच्या आठवणीच्या बळावर."

"आणि आठव्यात खलाशी त्याच्याशी पत्ते खेळतात ते?"

"तिला सांभाळून घेतात," त्रिविक्रम म्हणाला.

"आणि तो जिंकतो. बरं, नवव्यात त्याला गोवर येतो."

"अपराधभाव," वासुदेवराव म्हणाले.

"अपराधभावाला पुरळ येतं?"

हसायला कोणी धजलं नाही. तेवीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. ज्याने विचारलं असतं तो येलहंक्याला होता.

"ती त्याला सोडते हे बरोबर आहे," मुग्धा म्हणाली, "पण मग परत येऊन घेऊन जाते ना. चहा तेव्हाचा आहे. इतक्या महिन्यांनी कोणी काय बोलणार, म्हणून दोघं बोलत नाहीत. आमच्याकडे सगळे ह्याच सीनला रडतात."

"आमच्या प्रतीत चहा आधी आहे," त्रिविक्रम म्हणाला, आणि पाचवा खंड उचलून तिच्यासमोर ठेवला. मरून रंगाच्या कापडाची बांधणी, कडा सुबक कापलेल्या.

मुग्धाने पिशवीतून दोन जुने अंक काढले. "आईला फोन केला होता. तिने उद्यान एक्स्प्रेसने एका काकांबरोबर पाठवले." तिने ते खंडाशेजारी मांडले. एक सहासष्टचा दिवाळी अंक, विटेसारखा जाड; त्यात कप्तानबाई भार्गवला सोडून जात होती. दुसरा डिसेंबरचा, सडपातळ. त्यात चहा होता.

वासुदेवरावांची नजर दिवाळी अंकावर खिळली. मुखपृष्ठावर पणती घेतलेली बाई होती, आणि तिला त्यांनी यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, जानेवारीत. दिवाळी अंक जड म्हणून पोस्टाने निराळा यायचा आणि कधीकधी महिना-दोन महिने वाटेतच काढायचा. त्या वर्षी तो डिसेंबरच्या अंकाच्या मागून आला होता. पुण्यात कोणाची ही चूक होणं शक्य नव्हतं. तिथे दिवाळी अंक दिवाळीत वाचतात. इथे पोस्टमन देईल तो पुढचा भाग. त्यांनी पानं फाडून आली तशी रचली आणि बळेपेठेत बांधायला नेली. बांधणाऱ्याला मराठीचा गंध नव्हता. त्याने विचारलं, "यावुदु मोदलु, सर?" कुठलं आधी? वासुदेवरावांनी गठ्ठ्यावर बोट ठेवून सांगितलं, असंच. पानांच्या माथ्यावर महिना छापलेला असायचा. तो कडा कापताना गेला.

"पुण्याचीच छपाई उलटसुलट झाली असेल," त्रिविक्रम म्हणाला. "नाही का, सर?"

सगळे वासुदेवरावांकडे बघू लागले. माना आधीच डोलायला तयार होत्या. एक 'असेल' म्हटलं असतं तर भार्गव मेलेला राहिला असता, लेख उद्या दहाला गेला असता, आणि ही मुलगी पुढच्या महिन्यात आली नसती. मुग्धाने डिसेंबरच्या अंकावरचं 'डिसेंबर' त्यांच्या बाजूला फिरवलं.

बैठक इतकी गप्प झाली होती की जणू भार्गवचं सर्वांत लांब भाषण चाललंय.

"हे अंक माझ्याकडे ठेव," शेवटी वासुदेवराव म्हणाले. "बघतो."

माणसं नेहमीपेक्षा लवकर उठली. भाग्यलक्ष्मी, वासुदेवरावांची बायको, बशा उचलायला बाहेर आली. तिने मालिकेची एक ओळ वाचलेली नव्हती आणि तेवीस वर्षं ऐकली होती.

"शेषगिरीअण्णा हेच म्हणत होते की."

"ऐकत होतीस?"

"भिंतीला कान लावायला नको, तुमचा आवाजच वर्गातला. आता काय करणार?"

वासुदेवरावांनी खणातून मुद्रितं काढली, दोन्ही अंक पिशवीत टाकले आणि चप्पल घातली. ती आत गेली आणि भरलेला थर्मास घेऊन आली. त्यांनी तो टेबलावर परत ठेवला. एवढं नाटक त्यांना झेपलं नसतं.

मॅजेस्टिकच्या स्टँडवरून येलहंक्याची बस, मग उन्हातून पायी. पत्ता एकदा विचारला. शेषगिरी अंगणात रबरी नळीने कर्दळीला पाणी घालत होता. डोकं पूर्ण पांढरं. त्याने वर बघितलं, नळी झाडाच्या बुंध्याशी टाकली.

"ये. चप्पल आत घे, बाहेर कुत्रं नेतं."

वासुदेवरावांनी वाटेत दोन वाक्यं तयार केली होती. ती चपलेच्या गडबडीत गेली. त्यांनी नुसताच दिवाळी अंक पुढे केला. शेषगिरीने पणतीवाल्या बाईकडे बघितलं, आत गेला, आणि तोच अंक घेऊन बाहेर आला. त्याच्या प्रतीला ब्राउन पेपरचं कव्हर होतं.

"शहात्तर साली सोलापूरला मेव्हण्याकडे सापडला."

"वीस वर्षं?" वासुदेवराव ओट्यावर बसले. "आणि बोलला नाहीस?"

"तू चारचौघांत म्हणालास, मला कळत नाही. मग कळलं ते कशाला सांगू?"

वरून हवाईदलाच्या तळावरचं एक विमान गेलं. दोघांनाही बोलता येत नव्हतं, ही सोय झाली. ते गेल्यावर शेषगिरी म्हणाला, "शिवाय मूळ क्रमाने वाचलं तर स्वल्प सपक वाटलं मला. सोडते, परत आणते. तुझं बरं होतं."

"मग जाऊ देऊ? उद्या दहाला छापखान्यात जायचंय."

"लेख तुझा. मला कशाला विचारतोस?"

त्याने हे सहज म्हटलं, पण म्हणताना तो कर्दळीकडे बघत होता. पाणी आळ्यातून बाहेर वाहत होतं आणि त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

वासुदेवरावांनी मुद्रितांचं शेवटचं पान मांडीवर घेतलं आणि खालच्या मोकळ्या जागेत पेनने लिहिलं. एखादा राजीनामा लिहावा इतका वेळ लागला. मग पान शेषगिरीकडे दिलं. त्याने चष्मा चढवून मोठ्याने वाचलं, "'वरील संपूर्ण विवेचन चुकीच्या बांधणीवर आधारलेले आहे. ती चूक माझी. श्री. शेषगिरी राव यांनी १९७३ सालीच तशी शंका व्यक्त केली होती.'"

"ठीक आहे?"

"शंका नव्हे. मी सांगितलं होतं, चुकलंय म्हणून."

वासुदेवरावांनी 'शंका' खोडून 'स्पष्ट सांगितले होते' केलं.

"आणि त्यावर तू काय म्हणालास?"

"ते पण घालायचं?"

"चौदा माणसं होती," शेषगिरी म्हणाला. "सगळी हसली."

वासुदेवरावांनी पेनचं टोपण पुन्हा काढलं. जागा फार उरली नव्हती. अक्षर बारीक करावं लागणार होतं.

"कंसात घालू?"

"कंसात नको," शेषगिरी म्हणाला, आणि नळ बंद करायला उठला.