भुसा खरा आहे

मी मालगाडीचा डबा बोलतोय. बाजूला सरकायची गरज नाही, मी वीतभरच लांब आहे. मला भिंती नाहीत, छप्पर नाही. नुसता सपाट तळ, आठ चाकं आणि दोन्ही कडांना खुंट रोवायच्या खाचा. खऱ्या रेल्वेत माझ्या जातीच्या डब्यांवरून लाकूड जातं, पोलाद जातं, रणगाडेसुद्धा जातात. मी मात्र नाशिकच्या एका फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत, लाकडी टेबलावर गोल गोल फिरतो.

माझा जन्म परदेशात, प्लॅस्टिकच्या साच्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. एका दमात माझी चाळीस भावंडं जन्मली आणि बारसं एकाचंही झालं नाही. तेजश्री नावाच्या मुलीने मला खोक्यात घालून तिच्या वडिलांना पाठवलं. वडील म्हणजे वेणीमाधवकाका. एकतीस वर्षं रेल्वेच्या माल कार्यालयात कारकून होते. निवृत्त झाल्यावर माणसं ऑफिस विसरायला बघतात. काकांनी ते लहान करून घरी आणलं. अकरा वर्षं खपून त्यांनी या टेबलावर आपलं स्टेशन उभं केलं आहे: रूळ, सिग्नल, मालधक्का, आणि स्वतःच्या खुर्चीत बसलेला नखाएवढा मालबाबू.

मी आलो तो रिकामा. काकांना रिकामा डबा बघवत नसे.

"रिकामा डबा म्हणजे कुणाची तरी चूक," ते म्हणाले.

"आणि दिवसभर रिकामा माणूस म्हणजे?" गोदावरीकाकूंनी विचारलं.

काकांनी हा प्रश्न, ऑफिसात करत तसा, बाजूला ठेवला.

माझ्यावर कापीव लाकडाचा माल चढवायचं ठरलं. प्लॅस्टिकची तयार लाकडं मिळतात, पण काकांना लाकूड लाकडाचंच हवं होतं. माळ्यावर दिंडोरीहून कधीतरी द्राक्षं घेऊन आलेली जुनी लाकडी पेटी होती. तिच्या फळ्यांना टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं होती. काकांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "वा! अगदी नैसर्गिक."

तिथेच मी ओरडायला हवं होतं. पण साच्यात तोंडाची सोय नव्हती.

काम मात्र त्यांनी सुरेख केलं, हे कबूल करायला हवं. फळ्यांच्या काडीएवढ्या तुळया कापल्या. पॉलिश पेपरने घासल्या. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले आणि त्या पाण्याने लाकूड उन्हापावसात राहिल्यासारखं करडं केलं. सगळी टोकं एका रेषेत लावली नाहीत. "खरा हमाल इतका नीट रचत नाही," ते म्हणाले. प्रत्येक थराच्या मध्ये आडव्या पट्ट्या घातल्या, कडेला खुंट रोवले. पोलादी पट्ट्यांच्या जागी काकूंच्या भजनाच्या कॅसेटची काळी फीत ताणून बांधली.

"अहो, त्यात हरिपाठ होता!"

"आता तो मालाचं रक्षण करील."

शेवटी त्यांनी प्रत्येक तुळई खालच्या तुळईला आणि सगळ्यात खालचा थर मला गोंदाने कायमचा चिकटवला. नोकरीत माल सरकण्याची त्यांना फार धास्ती असे. ती अशी माझ्यावर निघाली.

थोड्याच दिवसांत मला आतून करकर ऐकू येऊ लागली. लाकडात अळ्या होत्या. त्या खात होत्या, आणि भोकांतून मैद्यासारखी पूड माझ्या तळावर पडत होती. काकूंनीच ती आधी पाहिली.

"अहो, तुमच्या गाडीतून पीठ सांडतंय."

काकाही जरा गोंधळले. पूड बोटावर घेतली, हुंगली, पुसणार इतक्यात प्रदर्शनाला न्यायची वेळ झाली.

प्रदर्शन गंगापूर रोडच्या एका सभागृहात होतं. परीक्षक होत्या चैताली मॅडम, कुठल्याशा कॉलेजात शिकवणाऱ्या. त्या माझ्यावर वाकल्या. मला वाटलं, सुटलो. शिकलेली बाई आहे, ओळखेल.

"काका, हा भुसा कसा केलात? आत्ताच करवत चालवल्यासारखा दिसतोय!"

काका एक क्षण थांबले. तो क्षण मला अजून आठवतो. दुसऱ्याने केलेल्या कामाबद्दल साहेबाने चुकून आपली पाठ थोपटली, की चांगला माणूससुद्धा तेवढाच थांबतो.

"ते जरा गुपित आहे, मॅडम," काका म्हणाले.

मला पहिलं बक्षीस मिळालं. घरी आल्यावर फर्मान निघालं की टेबलाला फडकं लावायचं नाही. भुसा वाढत गेला तसे पाहुणे खूश होत गेले. काकूंनी चारदा सांगितलं, "हे काहीतरी वेगळं आहे हो." काकांनी चारदा बक्षिसाकडे बोट दाखवलं. आत अळ्यांचे भुंगे झाले, बाहेर पडले आणि टेबलात घुसले. हे सगळं मी बघत होतो. माझं काम बघण्याचंच होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी टेबलाचा एक पाय मोडला. मालधक्का कलंडला, मालबाबू खुर्चीसकट फरशीवर पडला. सोमा सुताराला बोलावलं. त्याने माझ्यावरची पूड चिमटीत घेतली.

"काका, भुसा कुठला? भुंग्याची घाण हाय ही."

"घाण?"

"लय खाल्लंय त्यांनी. टेबल औषध मारून वाचंल. पण ही गाडी जाळा. हिच्यातून पुन्हा निघाले, तर तुमचं ठेसन नाय राहत."

काकांची अकरा वर्षं त्या टेबलावर होती. तुळया उपटायला त्यांनी सुरी लावली, तर पातं वाकलं. नोकरीत त्यांनी माल इतका पक्का कधी बांधला नसेल. मला जाळायचा मात्र त्यांना धीर होईना. कुठेतरी वाचून त्यांनी मला पिशवीत घातलं आणि पंधरा दिवसांसाठी फ्रीझरमध्ये, मटाराशेजारी ठेवलं.

दहा दिवसांत करकर थांबली. अकराव्या दिवशी दोघं सटाण्याला बारशाला गेले आणि दुपारभर वीज गेली. बर्फ वितळला, मटार मऊ पडले. संध्याकाळी ते परत आले तेव्हा सगळं पुन्हा गोठलं होतं, आणि माझ्या तिसऱ्या थरातली एक अळी जागी झाली होती.

पंधराव्या दिवशी काकांनी मला बाहेर काढलं, पुसलं आणि कानाला लावलं. बराच वेळ ऐकलं. नेमकी तेव्हा ती गप्प होती.

"काय म्हणतोय?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. मेले सगळे." मग त्यांनी मला नव्या पायाच्या टेबलावर, मालधक्क्याला उभं केलं.

आता घरात फडक्यावर बंदी नाही. काका उठायच्या आत, अंधारातच, काकू रोज टेबल लख्ख पुसून घेतात. रोज माझ्याखाली चिमूटभर पूड असते, आणि रोज ती फडक्यात जाते.

काकू, तुम्हाला हात जोडतो, उद्या एक दिवस पुसू नका.