तांबड्या पाण्याचं बोलावणं

भुजंगरावांच्या नातीचं, अदितीचं लग्न झालं ते साल दोन हजार चोवीस. नवरा-नवरी म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या घराच्या उंबऱ्याशी आली, तेव्हा आजी जयवंतीबाईंनी ताटात पाणी घेतलं, चिमूटभर हळद टाकली, बोटाच्या टोकानं चुना कालवला. पाणी लालभडक झालं. दोघांवरून ओवाळून त्यांनी ते रस्त्यावर ओतून दिलं. म्हैसुरात असं ताट घरोघर ओवाळतात. कुणी त्याला चमत्कार म्हणत नाही.

त्याच वर्षी दसरा उलटला आणि मेटगळ्ळीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तेच पाणी देवाची सही झालं.

शेडमध्ये पूर्वी वेल्डिंग चालायचं. आता तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन मोठे स्पीकर आणि पास्टर जोएल. हे गृहस्थ आधी प्रदर्शनात किसणी विकायचे. भोपळा, गाजर, काकडी, सगळं एका हातानं. आवाज तोच राहिला होता, फक्त भाजी बदलली होती.

"नोडी, बघा, देव शिकलेला बघत नाही. देव पगार बघत नाही. देव हात बघतो. ज्याचा हात, त्याला हाक. इकडे या, इकडे या, मागे उभे राहू नका."

त्या शेडमध्ये रिकामा माणूस कुणी नव्हता. चपला लावणारा डीकन, माईक धरणारा एल्डर, पंख्याचं बटण दाबणारी बाईसुद्धा सेविका. सगळ्यांच्या छातीवर बिल्ले. सगळ्यात मोठं पद मात्र अजून कुणाला मिळालं नव्हतं: सहपाळक, म्हणजे पास्टरांच्या खालोखालचा. त्यासाठी देवानं स्वतः बोलवायला हवं होतं.

भुजंगराव मागच्या रांगेत बसले होते ते देवासाठी नव्हे, मुलासाठी. वेंकटेश, अदितीचा बाप, करोनात बायको गेल्यापासून इथं यायचा. त्याला लहानपणापासून आकडी यायची. गोळ्यांनी ती धाकात होती. पण कारखान्यात एकदा मशीनपाशी पडला, तेव्हापासून त्याला स्टोअरच्या कोपऱ्यात बसवलं होतं. डबा खातानाही लोक अंतर ठेवून बसत. या शेडमध्ये मात्र त्याला पहिल्या रांगेत खुर्ची होती.

तिघं उमेदवार पुढे आले. पास्टरांनी काचेच्या जगमधून पहिल्याच्या हातांवर पाणी ओतलं आणि पिवळसर कापडानं हात पुसले. कापड तसंच. दुसऱ्याचंही तसंच. "देव म्हणतो, थांब," पास्टर म्हणाले. मग वेंकटेश पुढे आला. पास्टरांनी डोळे मिटले, मोठ्यानं प्रार्थना सुरू केली आणि टेबलाखालून दुसरा जग काढला. पाणी ओतलं. कापड हातांना लागलं आणि लाल झालं. रक्तासारखं, कडेपर्यंत.

शेड उठून उभी राहिली.

भुजंगरावांनी पाहिलं आणि त्यांना कळलं. हळदीत बुडवून वाळवलेलं कापड, पाण्यात चुन्याची निवळी. तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. भुजंगरावांचं घराणं कापड रंगवणाऱ्यांचं, आणि त्या घरात एक रीत होती. कापडावर रंग चढत असताना कुणी बोलायचं नाही, बोललं की रंग फाटतो. त्यांचे वडील त्यासाठी पोरांना पाठीत धपाटा घालत. रंगाचे हंडे कधीच भंगारात गेले, घरात कुणी रंगारी उरला नाही, पण रीत अंगात राहिली. रंग चढत होता आणि म्हातारा गप्प बसला.

तेवढ्यात पास्टर पुढचं बोलून गेले.

"ज्याच्या हातानं दुसरे बरे होणार, त्याच्या खिशात गोळ्यांची पाकिटं? शोभतं का, ब्रदर?"

वेंकटेशनं खिशातून पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर भुजंगराव म्हणाले, "वेंकटा, ती हळद होती रे."

"झोपा अप्पा. दमला आहात."

दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या रेव्हरंड अमृतराजांकडे गेले. अमृतराज निवृत्त पाळक होते. जुन्या दगडी चर्चमध्ये त्यांची उभी हयात गेली होती. ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"मला हाक आली असं वाटलं तेव्हा मी कॉलेजात होतो. मोठे म्हणाले, थांब. मग शिकवलं, आजाऱ्यांची शुश्रूषा करायला पाठवलं, मंडळीनं पारखलं, मग कुठं हात डोक्यावर ठेवला. आणि अजूनही, राव, कधी कधी पहाटे वाटतं, हाक खरी होती की मला तशी हवी होती? या माणसाला मात्र पाणी ओतायच्या वेळातच कळलं."

"तुम्ही सांगा ना त्या जोएलला. तुमच्या धर्माचं आहे."

दोन आठवड्यांनी अमृतराज स्वतःच आले. "जाऊन सांगितलं. मला वाळलेलं झाड म्हणाला. तुमचा मुलगा शेजारीच उभा होता. आमेन म्हणाला."

मग भुजंगरावांनी अदितीला बोलावलं. ती जयलक्ष्मीपुरमच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. पोरगी आईवर गेलेली, बोलायला लागली की थांबत नसे. पुढच्या रविवारी ती पिशवी घेऊन शेडमध्ये शिरली आणि सरळ टेबलापाशी गेली.

"दोन मिनिटं द्या, पास्टर. मलाही हाक आली आहे."

लोक हसले. बायकांना सहपाळक करायचं की नाही यावर तिथं वाद चालू होता, त्यामुळे पास्टर अडवूही शकेनात. अदितीनं हळदीचं कापड काढलं आणि बाटलीतल्या साध्या पाण्यानं एका बाईचे हात धुऊन पुसले. काही नाही. दुसऱ्या बाटलीतल्या पाण्यानं धुतले. कापड लाल.

"या मावशी आता सहपाळक झाल्या," अदिती म्हणाली. "या बाटलीत चुन्याची निवळी आहे. पानवाल्याकडून आणला चुना."

त्या बाईनं हात उलटसुलट पाहिले. "अय्यो, हे तर आरतीचं पाणी. माझ्या सुनेला मीच ओवाळलं की."

शेडभर हशा पिकला. भुजंगरावांचा जीव भांड्यात पडला. संपलं, त्यांना वाटलं.

पास्टरही हसले. सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. मग माईक तोंडाजवळ घेतला.

"बरोबर आहे, सिस्टर. हळद तीच, चुना तोच. देवानं माती घेऊन आंधळ्याचे डोळे उघडले. माती काय महाग होती? तुमच्या घरी आरती करता, तेव्हा कुणाला हाक येते? नाही येत ना? मग फरक कशात? पाण्यात नाही. हातात."

"आमेन," पहिली रांग म्हणाली. मग दुसरी. मग ती आरतीवाली बाईही म्हणाली, आधी हळू, मग जोरात.

अदिती काहीतरी बोलत होती, पण स्पीकर सुरू झाला होता. आणि त्या गोंगाटात वेंकटेश पडला. मान वळली, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. गोळ्या बंद होऊन काही आठवडे झाले होते.

"आत्मा उतरला," पास्टर ओरडले. "हात लावू नका."

भुजंगराव खुर्च्या ढकलत निघाले. चपला लावणाऱ्या डीकननं त्यांना कमरेला धरलं. "ताता, सुम्ने, गप्प रहा. पवित्र वेळ आहे." अदिती दोघांच्या हातांखालून आत घुसली आणि बापाला कुशीवर वळवलं. लोक गात होते.

त्या संध्याकाळी ओट्यावर बाप-लेक बसले. वेंकटेशची जीभ चावली गेली होती, बोलणं जड येत होतं.

"आता तरी कळलं ना?" भुजंगराव म्हणाले.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, अप्पा. मी कुणाच्या घरचा? कापड टेबलावर होतं तेव्हाच हळदीचा वास आला."



"मग?"

"मग काय. देवाला मला बोलवायचं होतं, तर तो माझ्या घरच्याच रंगात बोलावणार. दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलावेल? कारखान्यात तीस वर्षं काढली. मी पडलो की लोक बाजूला सरायचे. इथं पडलो तर गातात."

"गोळी घे रे. हाक ठेव, पद ठेव, बिल्ला ठेव. फक्त गोळी घे."

"गोळी घेतली तर हाक खोटी ठरते, अप्पा."

हळदीचा गुण भुजंगरावांना दाखवता आला, चुन्याचा आला. मुलाला त्या खुर्चीची किती भूक आहे, ती कशानं मोडायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जयवंतीबाईंनी गोळ्या कुटून आमटीत घालून पाहिल्या. वेंकटेशला चव कळली. त्यानं घरी जेवणंच सोडलं. अदिती रोज फोन करायची. तो उचलायचा आणि तिच्यासाठी प्रार्थना करायचा. डॉक्टर म्हणाले, घेऊन या. धडधाकट माणसाला उचलून कसं आणणार?

जानेवारीत शेडमध्ये उपवास-प्रार्थना झाली. वेंकटेशला तिथं आकडी आली, मग थांबेचना. लोक गात राहिले. कुणीतरी रिक्षा बोलावली तोवर फार उशीर झाला होता.

पोलिसांनी विचारलं, गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या? सगळे म्हणाले, कुणीच नाही, ब्रदरनी आपणहून सोडल्या. टाळ्या वाजवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पास्टर म्हणाले, देवानं त्याला वरच्या सेवेला बोलावलं. पुढच्या रविवारी नवे तिघं उमेदवार रांगेत होते. भुजंगराव दाराशी ताट घेऊन उभे राहिले, हळद, चुना, पाणी, येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत. लोक वाकून बघत, हो हो म्हणत, आणि चपला काढून आत जात.

हळद आणि चुना तुमच्याही घरात आहे. आजच कालवून पाहा, पोरांना दाखवा. देव माणसाला बोलावतो की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. अमृतराजांसारखा माणूस आयुष्यभर ते तपासत राहतो, आणि त्याची शंका जोएलच्या खात्रीपेक्षा जास्त प्रामाणिक आहे. पण बोलावणारा जर म्हणाला की गोळी सोड, तर तो देवाचा असो की कुणाचा, त्याच्यापुढून उठा आणि डॉक्टरकडे जा. रंग चढत असला तरी बोला. तेव्हाच बोला.

वेंकटेश भुजंगराव रंगारी मंगळवारी, अठ्ठावीस जानेवारी दोन हजार पंचवीसला दुपारी वारला.