गाडीवरचा फलक

"ताई, फाटकाशी गाडी आलीय म्हणतात." मुग्योल आरशात बघत म्हणाला आणि रंगभूषा करता करता माझा ब्रश त्याच्या गालावरच थांबला.

आपल्याला पुरुष आवडतात, हे चार वर्षांपूर्वी त्यानं मुलाखतीत सांगून टाकलं. दुसऱ्याच आठवड्यात एका टोळीनं वाहिनीच्या दारात निषेधाची गाडी उभी केली. गाडीवरच्या मोठ्या पडद्यावर दिवसभर याचा फोटो आणि शिव्या. वाहिनीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं, याला मालिकेतून काढलं. त्यानंतरचं हे पहिलंच काम. आज पुन्हा तीच गाडी असेल, तर हेही गेलं.

"मी बघते. तू हलू नकोस. डोळे पुसलेस तर मीच मारीन."

माझीही पाचावर धारण बसली होती, पण त्या मेल्यांना चार शब्द सुनावायचेच म्हणून निघाले. हा कुठला ऐकतोय! आलाच मागोमाग.

गाडी होती, पण कॉफीची! कलाकाराच्या कौतुकासाठी त्याची माणसं सेटवर पाठवतात, तशी. याला आजवर कुणी पाठवली नव्हती.

"बघ, वेड्या! उगाच जीव टांगणीला लावलास."

तो हसला नाही. गाडीवरचा फलक वाचत होता. 'माझ्या मुलाला सांभाळून घ्या. यांग दोक्सू, सुक्या मासळीचं दुकान, जुमुन्जिन बंदर.'

त्या मुलाखतीपासून या बापानं पोराचा फोन उचलला नव्हता. आज उचलला. मुग्योलनं स्पीकर लावला.

"बाबा, दुकानाचं नाव कशाला घातलंत? ती टोळी तिथं येईल. काचा फोडतील!"

"येऊ देत. येताय तर मासळी घेऊन जा म्हणावं," म्हातारा गुरगुरला. "कॉफी गोड आहे ना? साखर जास्त घालायला सांगितलंय मी."

गाडीपुढे फोटो काढून त्याच दिवशी नेटवर सगळ्यांना दाखवायचा, ही आमच्याकडची रीत. नाही दाखवला तर पाठवणाऱ्याचा अपमान. दाखवला, तर संध्याकाळपर्यंत टोळीला दुकान सापडणार.

"तू मधे उभा राहा," मी हळूच म्हटलं. "दुकानाचं नाव तुझ्या डोक्यामागे जाईल."

तो फलकासमोर उभा राहिला. मग बाजूला सरकला.

"ताई, नाव नीट येऊ दे."

पहिला फोटो हलला. दुसराही हलला.

"अरे, हलू नकोस ना!" मी ओरडले. तो कुठे हलला होता!