काहूनचं पाणी

तुमसरला राइस मिलांच्या गल्लीत रुचिताच्या ऑफिसवर दोन पाट्या होत्या, एक वकिलीची आणि एक तिच्या साप्ताहिकाची. लोक मात्र तिला तिसऱ्याच नावानं ओळखत, माहितीवाली बाई. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा कागद इकडचे तिकडे झाले, आणि ‘तो कागद तिकडं गेला’ हे उत्तर कचेऱ्यांच्या तोंडी बसलं. तेव्हापासून ती कागदांच्या मागं हिंडत होती. कधी कागद सापडे, कधी नुसती धूळ.

दसऱ्याच्या तोंडावर पिपरटोल्याची कुंताबाई आली. पदराच्या गाठीतून तिनं पाटबंधारे कचेरीचं उत्तर काढलं, सोबत गावातल्या बायांनी मिळून माहितीच्या अधिकारात केलेल्या अर्जाची नक्कल. रुचिता वाचू लागली.

‘आमच्या तलावाचं पाणी काहून सोडत नाही? दरसाल सोडत होते, मंग यंदा काहून नाही? चौकीदार म्हणते वरून मनाई हाये. वरच्यायनं मनाई काहून केली?’

उत्तर एका ओळीचं होतं. ‘का’ हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही.

रुचिताला हसू आलं आणि मग वाईटही वाटलं. “मावशी, हा कायदा कागद देतो, कारण देत नाही. काहून विचारलं की ते सुटतात. मनाई कोणी केली, त्या आदेशाची नक्कल द्या, असं विचारायचं.”

“म्हंजे ज्याच्यासाठी आलो, तेच विचाराचं नाही?”

“नाही.”

“मोठा मजेदार कायदा हाये बाप्पा! लगन लावा, पण नवरीचं नाव नका घेऊ.” मग ती हळूच म्हणाली, “धान निसवून राहिला, वकीलबाई. आता पाणी भेटलं तं लोंब भरते. नाही तं वर्षभर घरात काय शिजवू, सांगा?”

रुचितानं त्याच दिवशी अपील लिहिलं. अर्जातला एकेक काहून काढला, तिथं ‘कोणी’ आणि ‘केव्हा’ घातलं. स्वतः जाऊन अपील ऐकणाऱ्या, त्याच कचेरीच्या वरच्या साहेबांना भेटली. उभं पीक वाट बघत नाही, हे त्या नव्या साहेबांना पटलं आणि त्यांनी लगेचची तारीख दिली.

सुनावणीच्या दिवशी पायऱ्या चढताना तिनं बजावलं, “मावशी, आत काहून म्हणायचं नाही हं.”

“हा पाहा, तोंडाले पदर लावला.”

साहेबांनी आदेशाची नक्कल मागितली. बाबू उभा राहिला. “शोधलं सर. असा आदेशच नाही.”

“तिकडं गेला असेल?”

“तिकडं बी विचारलं. नाही म्हणते.”

चौकीदार तेजराम दारात उभा होता. साहेबांनी त्याला विचारलं, “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“माह्या आधीच्या चौकीदारानं सांगतलं जी, वरून मनाई हाये म्हणून.”

साहेबांनी मजकूर सांगितला, ‘आदेश अभिलेखात आढळून येत नाही, सबब अपील निकाली.’ रुचिताचं मन खचलं. जो कागद नाहीच, त्याची नक्कल कुठून मिळणार? ती फाइल आवरू लागली.

तेवढ्यात कुंताबाईनं तोंडावरचा पदर काढला. “सायेब, म्हंजे मनाई नाहीच?”

“नाही.”

“कोणीच नाही केली?”

“नाही, बाई.”

“मंग पाणी काहून नाही सोडत जी?”

साहेबांनी बाबूकडं पाहिलं. बाबूनं तेजरामकडं. तेजरामनं सवयीनं वर पाहिलं.

“तिथं काय पाहतो, भाऊ?” कुंताबाई म्हणाली, “तिथं पंखा हाये!”

पहिले हसले ते साहेबच. मग पेन खाली ठेवून म्हणाले, “तेजराम, तलावाच्या दाराची चावी कुठाय?”

“खिशात हाये सर.”

“मग जा, उघड.”

सांज कलताना सारा टोला तलावाच्या पारेवर, मातीच्या बांधावर जमला. कुलूप निघालं, पण दार उचलायचा दांडा गंजून बसला होता, तेजराम लटकला, पोरं लटकली, आणि दार कुरकुरत वर आलं. पाणी पाटात उतरलं. बाया त्याच्यासंगं चालू लागल्या, आणि चालता चालता कोणाच्या तरी गळ्यातून निघालं:

धान माहा गं तान्हा, बांधीबांधीत रडे
तलावमायले फुटला पान्हा, पाटापाटानं पडे

पुढच्या ओळीत त्यांनी रुचिताचं नाव गुंफलं. ती लाजली. तिचं नाव दर आठवड्याला तिच्याच पेपरात छापून येई, पण असं कधी कोणी गळ्यात घेतलं नव्हतं.

“मावशी,” ती म्हणाली, “मी हात जोडते तुम्हाला. मी ‘नाही’चा कागद घेऊन घरी चालले होते.”

“अवं, तो ‘नाही’ तुह्याच प्रश्नानं भेटला ना! मी तं फक्त उचलला.” ‘वकीलबाई’ची केव्हा ‘तू’ झाली, दोघींनाही कळलं नाही. “चाल, चप्पल काढ.”

रुचिता अनवाणी शेताच्या धुऱ्यावर उतरली. कुंताबाईनं फावड्यानं आपल्या बांधीचं, धानाच्या वाफ्याचं तोंड मोकळं केलं. पाणी आधी थबकलं, मग आत शिरलं. गाणं आपोआप थांबलं. तहानेल्या भेगा पाणी पिताना बारीक आवाज करतात, सगळ्याजणी वाकून तो ऐकत राहिल्या.