फागूच्या पायातला पट्टा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कमरेचा नव्हे आणि कुत्र्याच्या गळ्यातला तर नव्हेच. तसे कोणी म्हटले की मला राग येतो. मी माणसाच्या घोट्यावर बसतो. काळे रबर, त्यावर काडेपेटीहून थोडी मोठी डबी आणि डबीवर बारीक हिरवा दिवा. ज्यांना तुरुंगातली उरलेली शिक्षा अटी पाळून घरी काढायला मिळते, त्यांच्या पायात मला बांधतात. ते कुठे आहेत हे मी आकाशातल्या उपग्रहांकडून जाणून घेतो आणि गोंदियाच्या ऑफिसात कळवतो. चुगलखोर म्हणा हवे तर. पण मी नसतो तर ती माणसे घरी आलीच नसती.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे मला पाण्यात बुडवले, फरशीवर आपटले, बर्फात ठेवले. सगळ्या परीक्षा पास झालो, म्हणून जरा ताठ्यातच गोंदियाला आलो. इथे कौतुक कोणी करेना. पहिल्या माणसाने मला वर्षभर शिव्या दिल्या. दुसऱ्याने उन्हाळाभर जाड मोज्यात कोंबून ठेवले. तिसरा होता फागू.

फागू गोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातला, धान पिकवणारा. शेतातल्या पाण्यावरून त्याचे शेजारच्या शालीकरामशी भांडण झाले आणि रागाच्या भरात त्याने शालीकरामच्या हातावर काठी घातली. हाड मोडले, ते पुन्हा नीट बसलेच नाही. फागूला शिक्षा झाली. दोन वर्षे तुरुंगात काढल्यावर शेवटचे वर्ष घरी राहायची परवानगी मिळाली. देखरेखीचे काम दामिनी मॅडमकडे होते. त्या नागपूरहून नुकत्याच बदलून आल्या होत्या. त्यांनी अटी वाचून दाखवल्या. गाव आणि शेत सोडून जायचे नाही. रोज दोन तास पट्टा चार्ज करायचा. यंत्र बिघडले तर जबाबदारी तुमची.

ही शेवटची अट फागूने फारच मनावर घेतली. रोज संध्याकाळी तो भिंतीशी पाय लांब करून बसे आणि मला चार्जिंगला लावी. वीज गेली की त्याचा चेहरा उतरे. तो मला मऊ फडक्याने पुसायचा. मला वाटले, चला, कोणाला तरी मी आवडलो! खरे तर तो मला भीत होता. पण मायेने पुसा की भीतीने, पुसलेले बरेच वाटते.

मग रोवणी आली. रोवणीच्या दिवसांत गावात चिटपाखरू उरत नाही. पुरुष धानाची रोपे उपटून त्यांच्या पेंढ्या चिखल केलेल्या शेतात फेकतात. बाया ओळीने वाकून ती रोवतात. घराघराला कुलूप लागते. त्या दिवशी फागू चिखलात पाय टाकणार तोच थबकला.

"मशीनले पाणी लागन," तो बायकोला, फुलवंताला म्हणाला.

"मंग काई बांधून घे ना," फुलवंता म्हणाली. "मशीन जळली त जेलात कोण जाईन, मी?"

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बियाण्याची रिकामी पिशवी पडली होती, आतून चांदीसारखी चकचकीत. फागूने ती माझ्याभोवती दोनदा गुंडाळली आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून आवळली. अरे बाबा, मी पाण्याने बिघडत नाही! पण हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते आणि मला कुठे बोलता येते? त्या चकचकीत, धातूचा थर असलेल्या पिशवीतून माझा निरोप बाहेर जाईना. सकाळी आठ वाजता गोंदियाच्या पडद्यावरचा फागूचा ठिपका विझला. करायला गेला एक आणि झाले एक.

चार तास ठिपका दिसला नाही की ऑफिसाला चौकशी करावी लागते. माणूस सापडला नाही, किंवा त्याने मुद्दाम यंत्र बंद पाडले असे ठरले, तर तो परत तुरुंगात. फागूचा फोन कुलपाआड घरात वाजत होता. माझा जीव टांगणीला लागला.

एक वाजता दामिनी मॅडम स्कूटीवरून आल्या. घराला कुलूप, शेजाऱ्यांच्याही घराला कुलूप. फागू पळाला असेच त्या धरून चालल्या होत्या. तरी शेतावर येऊन बघितले, तर तो गुडघाभर चिखलात उभा. त्यांचे लक्ष त्याच्या पायाकडे गेले आणि चेहरा कडक झाला.

"यंत्र झाकलं? पाच तास कुठे होतात?"

"इथीच होतो जी. मशीन ओली नोको व्हाले म्हणून बांधलो."

"इथेच होतो, हे कशावरून?"

"मी सांगते ना मॅडम, कोठी नाही गेला तो," फुलवंता पुढे आली. पण बायकोच्या शब्दाला कागदावर किती वजन, हे तिलाही ठाऊक होते. रोवणाऱ्या साऱ्या बाया तिच्याच नात्यातल्या, त्यांच्याही शब्दाचे तेच.

तेवढ्यात पलीकडच्या धुऱ्यावरून आवाज आला.

"तो कोठीच गेला नाही. सकाळपासून पेंढ्या फेकून राह्यला."

"तुम्ही कोण?" मॅडमनी विचारले.

"मी शालीकराम. हा हात यानंच मोडला." त्याने वाकडा हात वर केला. "हा जेलातून आला तवापासून मी याच्यावर नजर ठेवून राह्यलो. तुमची मशीन झोपली असन, मी नाही झोपलो."

"मग त्याला वाचवता कशाला?"

"वाचवून कोण राह्यला? राग त अजून आहे माहा. पण होता त होता, खोटं कायले बोलू?"

मॅडमनी स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून शालीकरामचा जबाब लिहून घेतला. मग स्वतः वाकून ती पिशवी सोडली. मोकळे आकाश दिसताच मी असा लुकलुकलो की बस!

"हे पाण्यात चालतं," मॅडम हळूच म्हणाल्या. "मी सांगायला हवं होतं."

"शालीकभाऊ..." फागू बोलायला लागला.

"बोलू नोको," शालीकराम म्हणाला. "पेंढ्या फेक. बाया थांबल्या."

वर्ष सरले. गोंदियाच्या ऑफिसात मॅडमनी मला कापून काढले. फागूने घोटा चोळला आणि विचारले, "आता कोठवर जाऊ शकतो जी?" मॅडम म्हणाल्या, "कुठेही." तो हसला, मग रडला, मग त्याने साऱ्यांना पेढे दिले. मला किती हलके वाटले म्हणून सांगू! मी सुटलो म्हणून पेढे वाटले गेले, याचे मला मुळीच वाईट वाटले नाही.

आता मी खणात पडून आहे. नवे पट्टे आले, माझी बॅटरी संपली. मित्रांनो, इतर वस्तू म्हणतात, आम्हाला टाकू नका. मी तसे म्हणणार नाही. मला खुशाल विसरा. फक्त ज्याच्या पायातून मी निघालो, त्याच्या पायाकडे पाहत बसू नका. त्याच्या तोंडाकडे पाहा, तो काय करतो ते पाहा आणि कोणी विचारले तर पाहिले तेवढेच सांगा, मग तो तुम्हाला आवडो की न आवडो. शालीकरामने तेवढेच केले, म्हणून फागू आज घरी आहे.