जांभळ्या डब्यातलं ग्राफिक्स कार्ड

मित्रांनो, गेम चालू असताना कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला कधी कान लावून पाहिलाय? आत बारीक घरघर चाललेली असते, ती आमची. मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. पडद्यावरचा रस्ता, झाडं, ढग, सगळं मी काढतो, सेकंदाला साठ चित्रं. गंमत म्हणजे त्यातलं एकही मी स्वतः पाहिलेलं नाही. काढायचं आणि तारेतून पुढे पाठवायचं! म्हणून पडद्यासमोर बसणाऱ्या माणसांचं मला फार कुतूहल. ती काय बोलतात ते मी कान टवकारून ऐकतो.

कारखान्यातून मी जांभळ्या डब्यात बसून दुकानात आलो. समोरच्या फळीवर दुसऱ्या कंपनीचं कार्ड होतं, पिवळ्या डब्यात. मला दोन पंखे, त्याला तीन. गिऱ्हाइकं आमच्यावरून हमरीतुमरीवर यायची. माझ्या मनात सारखं यायचं, त्याच्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?

एके दिवशी दोघी बहिणी आल्या. त्यांच्या बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली होती. पुढे डोळ्यांना काचबिंदू झाला, बाजूचं दिसणं कमी होत गेलं. कुणी सांगायच्या आत त्यांनी स्वतःच गाडी चालवणं सोडलं आणि तेव्हापासून ते घरात गप्प बसून असत. बस चालवण्याचा एक गेम असतो, तो त्यांना द्यायचा, असं मुलींनी ठरवलं होतं. पण कार्डावरून अडलं.

"ताई, आकडे बघ ना! पिवळं सेकंदाला नव्वद फ्रेम देतं. तुझं जांभळं साठालाच धापा टाकतं."

"आणि तुझं पिवळं वीज किती खातं, तापतं किती, ते नाही सांगायचं!"

"तुला मी म्हणेन त्याच्या उलटच जायचं असतं."

"मी उलट जाते? मी?"

दुकान चालवणाऱ्या काकूंनी हातातला पेचकस खाली ठेवला. "अगं, बस चालवणार कोण? त्यांना घेऊन या की."

दुसऱ्या दिवशी बाबा आले. काकूंनी एकाच मशीनमध्ये आधी पिवळं बसवलं, मग मला. गेम तोच, रस्ता तोच. माझी पाळी आली तेव्हा मी जीव तोडून चित्रं काढली.

बाबांनी गेमच्या स्टिअरिंगवरचे हात काढले. "हे दुसरं घेऊ."

"बाबा, पण पहिलं किती सुळसुळीत चालत होतं!" धाकटी म्हणाली.

"चालत होतं ना. पण त्याच्या पंख्यांपुढे इंजिन ऐकूच येईना. गिअर मी कानाने टाकतो, पोरी."

"मग हेडफोन लावा."

"कान झाकून कुणी बस चालवतं का?"

काकू खळखळून हसल्या. मला माझं उत्तर मिळालं होतं. पिवळं माझ्याहून वेगवान होतं, हे अगदी खरं; पण माझा आवाज कमी होता. धाकटीने ते स्वतःसाठी घेतलं आणि तेही तिच्याकडे छान चाललं.

मी बाबांच्या घरी गेलो. रोज सकाळी दहाला आमची बस सुटायची. "पुढे सरका, दार मोकळं ठेवा!" बाबा पडद्यावरच्या प्रवाशांना दटावायचे. मुलींना फोनवर सांगायचे, "कार्ड एकदम गुणी आहे हो." मी हरखून जायचो.

पण कॅबिनेट होतं जमिनीवर, रस्त्याकडच्या खिडकीखाली. तीन वर्षांत कुणी त्याचं झाकण उघडलं नाही. धुळीचा गादीसारखा थर बसला, एक पंखा अडकला. मी इतका तापलो, की काय काढतोय याचं मला भान राहिना.

एका सकाळी बाबा अर्ध्या वाटेतच थांबले. "रस्त्यावर हिरवे पट्टे," ते पुटपुटले. "म्हणजे आता समोरचंही जायला लागलं."

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. पुढे ते खोलीत यायचे, खुर्चीवर बसायचे, पण बटण दाबायचे नाहीत. थोरलीचा फोन आला की म्हणायचे, "हो हो, बस चालू आहे." मला ओरडून सांगावंसं वाटे, बाबा, तुमचे डोळे नाही, मी बिघडलोय! पण मला बोलता कुठे येतं?

मग धाकटी राहायला आली. "आज बस नाही काढली?"

"कंटाळा आलाय गं."

"मग मी चालवते." तिने बटण दाबलं. थोड्या वेळाने म्हणाली, "बाबा, हे हिरवे पट्टे कसले?"

बाबांची पावलं पडद्याजवळ आली.

"तुलाही दिसतायत?"

"दिसतायत म्हणजे काय, रस्ताभर आहेत!" आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. "बाबा, किती दिवस झाले?"

"बारा. टीव्हीसुद्धा लावला नाही मी. तिथेही दिसले असते तर?"

तिची खुर्ची त्यांच्याकडे सरकली. मग बाबा हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना नाक पुसावं लागलं.

पिवळ्याची बाजू घेणाऱ्या त्याच धाकटीने मला काकूंकडे नेलं. काकूंनी पात्यांमधली धूळ उडवली, अडकलेला पंखा सोडवला, चिपची उष्णता वाहून नेणारा वाळलेला लेप बदलला. "कार्ड ठणठणीत आहे. श्वास कोंडला होता बिचाऱ्याचा." त्याच आठवड्यात धाकटी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. दृष्टी गेल्या वर्षी होती तेवढीच होती. आता दर महिन्याला बाबा झाकण उघडतात आणि दाढीच्या नव्या ब्रशने मला हळूच झाडतात. मला गुदगुल्या होतात.

मित्रांनो, कुठल्या डब्यातलं कार्ड चांगलं, यावर तुम्ही खुशाल भांडा. पण घरी आणल्यावर अधूनमधून आमची धूळ तेवढी झाडा. आणि कधी पडद्यावर पट्टे दिसलेच, तर एकटे घाबरून बसू नका. घरातल्या कुणाला तरी हाक मारा आणि विचारा, "जरा इकडे ये ना, तुला काय दिसतंय?"