घराकडे वळणारा आरसा

मेघा रामटेके फोटो काढते ते फक्त सूर्याच्या उजेडात. लग्नं, वाढदिवस ती घेत नाही. एखाद्याच्या मनातली कल्पना ऐकायची आणि त्याला उघड्यावर नेऊन ती फोटोत उतरवायची, हे तिचं काम. अशा फोटोंसाठी येणारी माणसं तऱ्हेवाईकच असतात. कोणी रिकामा पिंजरा घेऊन येतं, कोणी पाठीला पंख चिकटवून. त्यामुळे मयुरा नावाच्या मुलीनं फोनवर सांगितलं, "मले चेहऱ्याच्या जागी आरसा पाहिजे, ताई," तेव्हा मेघाला काही वेगळं वाटलं नाही.

वेगळं वाटलं ते जागा पाहून. नागपूरच्या कळमन्याच्या पुढे, वस्ती संपते तिथलं एक पडीक शेत. ना झाड, ना पाणी. समोर उंच गेटचं एकच दुमजली घर. मेघानं फुटाळा तलाव सुचवला, अंबाझरी सुचवली. मयुरा म्हणाली, "नाही, इथंच."

तिला मोटारसायकलवर सोडायला आलेला तरुण दूर रस्त्यावरच थांबला होता, डोक्यावरचं हेल्मेट न काढता.

"ते येत नाहीत का इकडे?"

"त्याले ऊन लागते."

डिसेंबरातलं, कलत्या दुपारचं ऊन! मेघाचं लक्ष पुन्हा पुन्हा त्या हेल्मेटकडे जाऊ लागलं.

"आरसा आभाळाकडे धरा. केशरी रंग त्यात आला पाहिजे."

मयुरा तसा धरायची. मेघा कॅमेऱ्याला डोळा लावते न लावते तोच आरसा घराकडे वळायचा. कवडसा भिंतीवर जायचा, वरच्या खिडकीपाशी घुटमळायचा, गच्चीवर सरकायचा आणि पुन्हा खिडकीवर.

"हात हलून राहिला तुमचा."

"जड आहे नं, ताई."

प्लास्टिकच्या चौकटीचा हातभर आरसा, त्याला कसलं वजन!

फोटो छान आले होते. तरी पुढच्या रविवारी मयुरानं पुन्हा तिथंच बोलावलं, आणि मेघा स्टँडवर उजेड परतवणारा मोठा चंदेरी रिफ्लेक्टर लावत असतानाच मयुरानं विचारलं, "तुमच्या मोठ्या लेन्समधून त्या खिडकीच्या आतलं दिसते का?"

चोर आधी घर हेरून ठेवतात, हे मेघानं कितीदा ऐकलं होतं. आरशाचा इशारा, लांब उभा हेल्मेटवाला आणि वरून आपला कॅमेरा. उद्या काही झालं तर पोलीस पहिल्यांदा आपलंच दार वाजवतील.

"नाही दिसत," ती म्हणाली. पण मयुरा ओढणी सारखी करत होती तेवढ्यात तिनं लेन्स खिडकीवर धरली. पडदा हलला. एका बाईचा हात वर झाला आणि झटकन खाली गेला.

म्हणजे आतही यांचं माणूस आहे! मेघानं लेन्सवर झाकण बसवलं.

"आत कोण आहे ते सांगा. नाहीतर मी पोलिसांना फोन करते."

मयुराचा चेहरा उतरला. "माझी आई आहे, ताई."

मग तिनं सांगितलं. मागच्या वर्षी तिनं संघपालशी लग्न केलं. तो हेल्मेटवाला म्हणजे संघपाल; घरातून कोणी ओळखू नये म्हणून तोंड झाकून. तिचे वडील रामाजी, कळमन्यातले धान्याचे व्यापारी. जातीबाहेरचा जावई नको म्हणून त्यांनी घराचं दार लावलं आणि आईचा फोनही काढून घेतला. "लहानपणी मी या वावरात खेळत होती, तर आई खिडकीतून असाच कवडसा पाडून बोलवत होती. कॅमेरा असला की लोकांले वाटते, फोटोच काढून राहिले."

मेघाचा विश्वास बसेना. असली गोष्ट चोरांनाही रचता येते.

तेवढ्यात गेट करकरलं. पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा तरातरा शेतात येऊ लागला. मयुरा रिफ्लेक्टरच्या मागे जाऊन बसली.

"काय चालू आहे इथं?"

"फोटो काढून राहिली, काका. इथला उजेड चांगला आहे."

"मागच्या रविवारीही चांगला होता वाटते?"

हेच रामाजी, हे मेघानं ओळखलं. रामाजींची नजर रिफ्लेक्टरवर गेली. त्याच्याखालून ओढणीचा पदर आणि एक पाऊल दिसत होतं. आता हा माणूस ओरडणार, कदाचित हातही उचलणार, म्हणून मेघा मध्ये सरकली. पण ते तिच्याशीच बोलले.

"तुमच्या त्या बाईले सांगा, तिच्या मायचे गुडघे गेले आहेत. कवडसा दिसला की खिडकीतून गच्चीवर अन् गच्चीवरून खिडकीत धावते. मग रात्रभर कण्हते."

रिफ्लेक्टरमागून आवाज आला, "मग तिले खाली पाठवा नं, बाबा."

रस्त्यावर संघपालनं हेल्मेट काढून हातात घेतलं होतं. रामाजींनी तिकडे एकदा पाहिलं, पाठ फिरवली आणि निघून गेले. गेट लागलं. आतून कडीचा आवाज आला.

सामान भरताना मेघाचा राग अजून ओसरला नव्हता. "पहिल्याच दिवशी खरं काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही आल्या असत्या?"

हो म्हणावं असं मेघाला फार वाटलं. पण तिनं काहीतरी कारण काढून टाळलंच असतं, हे तिचं तिला ठाऊक होतं. ती रिफ्लेक्टर दुमडत राहिली.

आठवड्याच्या मधेच मयुराचा फोन आला. आवाज धापा टाकल्यासारखा. "ताई, आई बोलली माझ्याशी! बाबाच्या नंबरवरून."

"बाबांनी लावून दिला?"

"तेच तर समजून नाही राहिलं. तिनं चोरून लावला का त्यायनं दिला, आईनं सांगितलं नाही. मीही नाही विचारलं."

"बरं केलं," मेघा म्हणाली. तिला मनापासून आनंद झाला होता. तरी फोन ठेवता ठेवता तिनं बजावलंच, "पण माझा नंबर तुमच्या बाबांना देऊ नका."

मयुरा हसली आणि नाही देणार म्हणाली.